आधी कपाट उघडा

साकेत नगरातील आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर बैठकीत भलाथोरला पडदा लावला. आता डिस्क-प्लेअर कोणता घ्यावा? चिरंजीवांचा आग्रह सर्वांत महागड्या यंत्राचा. आम्ही म्हटले, आधी कपाट उघडा.

कपाटात निघाल्या पुण्याहून वेळोवेळी आणलेल्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी आणि कन्येच्या विवाहाची घरी उतरवलेली एक डिस्क. फोर-के ब्लू-रे एकही नाही! आणि उंची यंत्रांपैकी कित्येक व्हीसीडी वाचतच नाहीत. वाचली तरी तिच्या चित्रात ठिपके ३५२ × २८८, पडद्यावर ३८४० × २१६०. म्हणजे सुमारे ऐंशीपट. मधली भर यंत्र अदमासाने घालते. चांगले यंत्र ती नेटकी घालते, इतकेच.

कन्या अमेरिकेत. तिकडच्या डीव्हीडीचा विभाग १, आपला ५. ब्लू-रेचा तिकडे ‘ए’, इकडे ‘सी’. त्यामुळे तिने धाडलेली डिस्क येथे रुसण्याचा संभव फार. फोर-के डिस्कना मात्र हे सोवळे नाही. शिवाय ओप्पोसारख्या नामवंतांनी २०१८ सालीच ही यंत्रे करणे थांबवले. तेव्हा किमतीआधी दुरुस्तीचे विचारावे.

स्नेह्यांनी अखेर व्हीसीडी वाचणारा साधा प्लेअर घेतला. विवाहाची डिस्क दुकानातच लावून पाहिली. घरी उतरवलेल्या डिस्कवरील रंगद्रव्य कालांतराने विटते. ती बराच वेळ अडखळली. मग अक्षता वाटणाऱ्या त्यांच्या दिवंगत मातोश्री दिसल्या. त्याच सायंकाळी त्यांनी तिच्या दोन प्रती काढविल्या.