कापून पाहिलेला फिल्टर
सर्व्हिसिंग झाली की गाडीचा जुना ऑइल फिल्टर मी मागून घरी आणतो आणि करवतीने कापतो. परवा दोन शेजारी शेजारी उघडले. स्वस्तातल्याचा कागद भिजून मऊ पडलेला, घड्या एकमेकींना चिकटलेल्या. महागातल्याच्या कृत्रिम धाग्यांच्या घड्या मागच्या तारेच्या जाळीमुळे तशाच ताठ उभ्या. कागदातल्या सेल्युलोजचे तंतू जाडेभरडे, वेडेवाकडे. काचतंतू किंवा पॉलिएस्टरचे बारीक आणि एकसारखे, म्हणून ते बारीक कण धरतात, मळही जास्त पोटात घेतात आणि तरी तेलाची वाट अडत नाही. मात्र खोक्यावरच्या नुसत्या ‘२० मायक्रॉन’ला भुलू नका. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, तेही आयएसओ ४५४८-१२ चाचणीत, हे विचारा. ५० टक्के आणि ९९ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेल मागे ओघळू न देणारी झडप सिलिकॉनची असेल तर चार पैसे जास्त मोजावेत. नायट्राइल रबर उष्णतेने लवकर कडक होतं, आणि मग सकाळी गाडी सुरू करताना इंजिनला तेल पोचायला क्षणभर उशीर होतो. दर ५,००० किलोमीटरला तेल बदलणाऱ्याने सर्वांत महागडा फिल्टर घ्यावा असं मला वाटत नाही, पण १५,०००पर्यंत ताणणाऱ्याने साध्या कागदावर विसंबू नये.