रोमान्श भाषेचे भांडण आणि आपली घरची मराठी



स्वित्झर्लंड देशाच्या पूर्वेस ग्राउब्युंडेन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. विस्ताराने तो आपल्या मॉरिशस बेटाच्या जवळजवळ चौपट, पण वस्ती दोन लाखांच्या आसपास. आल्प्स पर्वतातल्या सुमारे १५० दऱ्यांत ही माणसे विखुरलेली आहेत. पूर्वी हिवाळ्यात बर्फ पडून घाट बंद होत आणि एका दरीचा दुसरीशी संबंध तुटे. म्हणूनच तेथल्या रोमान्श भाषेच्या पाच बोली झाल्या, आणि प्रत्येकीत लिहिण्याची रीतही वेगळी.

ही लॅटिनपासून निघालेली भाषा. १९३८ साली देशाने मत देऊन तिला राष्ट्रभाषांत बसवले. तरी प्रांतात जर्मन बोलणारेच फार. २००० सालच्या जनगणनेत रोमान्शला आपली मुख्य भाषा सांगणारे शंभरात पंधराही नव्हते.

एवढ्या थोड्यांसाठी पाच तऱ्हेची पुस्तके कशाला? १९८२ मध्ये हाइनरिख श्मिड या भाषापंडितांनी बोलींचा मेळ घालून एक सामाईक लेखी रोमान्श तयार केली. सरकारी कागदांना ती सोयीची झाली. पण २००३ साली प्रांताने ठरवले की यापुढे शाळेची नवी पुस्तके याच भाषेत निघतील. तेव्हा आईबाप चिडले. ही आमच्या घरची भाषा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. २०११ मध्ये प्रांताला माघार घ्यावी लागली आणि बोलींतली पुस्तके पुन्हा निघू लागली.

खर्च वाढला, हे खरे. तरी आम्हाला त्या आईबापांचेच पटते. घरी आजीशी जुळत नाही ती भाषा मुलाला परीक्षेपुरतीच वाटते.

आपल्या बहुतेक घरांत आता क्रिओल चालते, तेव्हा शाळेतले मराठी पुस्तक सोडा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तोच आपला मोठा आधार आहे. पण आपले पूर्वज कोकणातून आले ते पुस्तकी मराठी बोलत नव्हते. त्यांचे जे चार शब्द एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी उरले असतील, त्यांना वर्गात 'अशुद्ध' म्हणून हसू नये. आजीने 'खंय चाललंस?' विचारले, तर मुलाने ते वहीत लिहावे, शेजारी 'कोठे चाललास?' लिहावे, आणि गुरुजींनी दोन्ही ओळींवर बरोबरची खूण करावी.