जक्कूरचा अपघात आणि चौकशीची चौकट

१७ एप्रिल २००४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास बंगळूरच्या जक्कूर विमानतळावरून निघालेले एका इंजिनाचे सेस्ना विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कृषी विद्यापीठाच्या आवारात कोसळून पेटले. अभिनेत्री सौंदर्या, तिचे बंधू, सोबतचा एक कार्यकर्ता आणि वैमानिक असे चौघेही मृत्युमुखी पडले. लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या प्रचारासाठी ती करीमनगरला निघाली होती. राजकीय मतभेद कितीही तीव्र असोत, धरणाच्या पाण्याने वेढलेल्या कुटुंबाची कहाणी सांगणाऱ्या ‘द्वीप’ची निर्मिती करणाऱ्या या अभिनेत्रीचा असा अंत चटका लावणाराच होता.

अशा वेळी ‘काळाचा घाला’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीतच आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. उड्डाणाच्या वेळी वेग कमी आणि उंची नगण्य असते. एकच इंजिन असेल तर दुसरा आधार नसतो. शे-दोनशे फुटांवर बिघाड होऊन विमान मागे वळवू गेल्यास वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि सावरायला अवकाशच उरत नाही. त्यातून बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. एप्रिलच्या उन्हात तेथील हवा अधिकच विरळ होते आणि भरलेल्या विमानाला धावपट्टी जास्त लागते. वजन, तापमान, धावपट्टीची लांबी हे सारे उड्डाणाआधी कागदावर मोजता येते. त्यात दैवाचा संबंध नाही.

मोजणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का, हा खरा प्रश्न आहे. प्रचारसभेची वेळ ठरलेली असते, भाडे ठरलेले असते आणि वैमानिक हा अखेर नोकर असतो. कायद्याने अंतिम निर्णय त्याचा. नोकरीची शाश्वती मात्र मालकाच्या हाती. ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला निघालेल्या माधवराव शिंदे यांचे विमान मैनपुरीजवळ कोसळले. त्यात पत्रकार आणि वैमानिकांसह आठ जण दगावले. शोकप्रस्तावांत या इतरांची आठवण क्वचितच निघते.

जक्कूरचा अपघात घडला तेव्हा परवाने देणारे, तपासणी करणारे आणि बहुतेक अपघातांची चौकशी करणारेही मुलकी विमानवाहतूक महासंचालनालयच होते. ज्याच्या देखरेखीत उणीव राहिली असण्याची शक्यता, त्यानेच ती शोधायची! २०१२ मध्ये अपघात अन्वेषण विभाग वेगळा झाला, ही सुधारणा स्वागतार्हच. परंतु तोही त्याच मंत्रालयाच्या छायेखाली आहे.

२८ जून २०१८ रोजी घाटकोपरला चाचणीसाठी उडालेले छोटे विमान कोसळले. विमानातील चौघांबरोबर रस्त्यावरून जाणारा एक माणूसही मेला. विमानात पाऊलही न ठेवलेल्या अशा माणसाच्या कुटुंबाला उत्तर मिळायचे असेल, तर चौकशी यंत्रणा मंत्रालयाला नव्हे, संसदेला जबाबदार असली पाहिजे आणि तिचे अहवाल ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे आले पाहिजेत.