चार इंचांची तूट

आपल्या समाजात सगळ्या गोष्टी मोजायला एकच पट्टी वापरतात, आणि ती फूटपट्टी असते. फ्लॅटचे चौरस फूट, टीव्हीचे इंच, वरातीची लांबी! मोठं ते खरं. लहान ते ‘सध्या भागवून घ्या’. हाच न्याय बेस गिटारला लावणारी एक जमात आहे आणि तिच्याविरुद्ध मला आज जाहीर तक्रार नोंदवायची आहे. वीस वर्षं बँकेच्या खिडकीआड बसून मी लोकांच्या तक्रारी ऐकतो आहे. एकदा तरी खिडकीबाहेरून बोलायचा हक्क मला असावा.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी लाजू नये. ती सगळ्यांना ऐकू येते, पण दिसत नाही. चार जाड तारा, खर्जातला आवाज आणि काम कारकुनाचं. गायकाचा फोटो पोस्टरवर, गिटारवाल्याचे केस पोस्टरवर, आणि बेसवाला मागे ड्रमच्या शेजारी, नुकताच बदली होऊन आल्यासारखा. पण राहुलदेव बर्मनच्या एखाद्या गाण्यातून बेस काढून टाका, मग बघा. शाखेतला चोख क्लार्क रजेवर गेल्यासारखं होतं. सगळे जागेवर असतात आणि संध्याकाळी काहीच जुळत नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे हे वाद्य मला पाहताक्षणीच नात्यातलं वाटलं.

तर या बेसमध्ये दोन मुख्य जाती, लांब आणि आखूड. लांब म्हणजे तारेचा वाजणारा भाग 34 इंच. हे माप लिओ फेंडरच्या 1951 सालच्या प्रिसिजन बेसनं रूढ केलं. आखूड म्हणजे 30 इंचांच्या आसपास. माझा 30 इंची. तो घेताना दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, हे स्टुडंट मॉडेल आहे. सहा महिन्यांत खरा बेस घ्यायला याल.”

वय वर्षं 43, डोक्यावर गृहकर्ज, गुडघ्याला तेल, आणि मी स्टुडंट! मला तरुण केल्याबद्दल त्याचे आभार. पण ‘खरा’ या शब्दाशी माझं भांडण आहे. या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी अजून गेलेलो नाही.

खरेपणा इंचांवर ठरत असेल, तर चौतीसवाल्यांनी जरा जपून राहावं. या घराण्याचा आजोबा म्हणजे उभा डबल बेस. त्याच्या तारा 41-42 इंचांच्या. त्याच्यापुढे तुमचे 34 म्हणजे बालवाडी! आणि गंमत अशी, की सर्रास वाजणाऱ्या त्या अगडबंब डबल बेसच्या मापालासुद्धा ‘पाऊण’ म्हणतात. पाऊण मापावर सिंफनी वाजते आणि कुणी पाऊणच तिकीट देत नाही.

आता माणसांकडे या. पॉल मॅकार्टनीनं 1961 साली हँबुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला. लांबी 30 इंचांच्या घरात, किंमत 30 पौंडांच्या घरात; म्हणजे इंचाला पौंड पडला. तो बेस 1972 साली चोरीला गेला. पुढे त्याचा पद्धतशीर शोध घेतला गेला आणि 2024 साली तो मालकाकडे परतल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात मॅकार्टनीला बेसची वाण पडली होती असं नाही. वस्तूचं मूल्यमापन यालाच म्हणतात. ‘क्रीम’चा जॅक ब्रूस साडेतीस इंची गिब्सन वाजवत होता, रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन आखूड बेससाठीच प्रसिद्ध. या सगळ्यांना ‘स्टुडंट’ म्हणायला कुणी दुकानदार धजला होता का?

थोडं गणित करू. तार तीच, स्वर तोच, फक्त लांबी 34 ची 30 केली, तर ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. कर्जाचा हप्ता 22 टक्क्यांनी उतरला तर लोक पेढे वाटतील; इथे बोटांवरचा उतरला तर नाकं मुरडतात! पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंत लांब बेसवर 5.1 इंच बोटं फाकावी लागतात, आखूडवर 4.5. अर्ध्या इंचाने काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अर्धा इंच तोकडा बूट घालून दादर ते ठाणे लोकलनं उभ्यानं जावं.

बँकेचा माणूस आहे, तेव्हा नावेची बाजूही मांडतो. सगळ्यांत जाड तारेचा आवाज आखूड बेसवर जरा गुबगुबीत येतो. लांब बेसवर तोच स्वर रेखीव उमटतो. तार सैल, म्हणून जोरात हाणलं की फडफडते. तारांमध्ये निवड कमी, आणि लांबच्या तारा कापून लावाव्यात तर जाड भाग खुंटीवर येऊन नीट गुंडाळत नाही. जमेला काय? वरच्या पडद्यांवर मऊ, गोल आवाज, आणि तासभर वाजवूनही शाबूत राहिलेलं मनगट.

एकदा भाच्याचा मित्र 34 इंची घेऊन घरी आला. एकाच स्पीकरवर दोन्ही वाजवले. त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “काकू, मोठा कुठला होता?”

आतून उत्तर आलं, “मला काय कळतंय बाबा! डब्यांची झाकणं दोन्ही वेळा वाजली.”

इथवर सगळं हसण्यावारी. राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझी भाची चौदा वर्षांची असताना बेस शिकायला गेली. सरांनी 34 इंची घ्यायला लावला. बोटं पोचेनात. सर म्हणाले, “हात ताण, होईल सवय.” तिसऱ्या महिन्यात मनगट धरून ती घरी बसली आणि बेस कपाटावर चढला. मिरजेत तंबोरे करणारे बायकांसाठी लहान आणि पुरुषांसाठी मोठा तंबोरा करतात. गळ्याच्या पट्टीवरून माप ठरतं. तिथे गायिकेला कुणी ‘आधी घसा ताणा’ म्हणत नाही. भाचीची मात्र समजूत झाली, की आपल्यात संगीतच नाही. अहो, तिच्यात अर्धा इंच नव्हता, एवढंच!

अशी किती कपाटं असतील, आणि त्यांच्याखाली गुमान अभ्यास करणारी किती मुलं! म्हणून माझी मागणी साधी आहे. शिक्षकांनी आधी हात पाहावा, मग वाद्य सांगावं. घेणाऱ्यानं दुकानात अर्धा तास बसून वाजवावं, कानाला विचारावं, मनगटाला विचारावं, आणि विक्रेत्याला सगळ्यांत शेवटी. दुकानदारांनी ‘स्टुडंट’ ही पाटी काढावी, किंवा सगळ्याच वाद्यांवर लावावी. संगीतात दुसरं असतं तरी कोण?

भाची हल्ली रविवारी माझा बेस न्यायला येते. मी तो तिला देतो. बिनव्याजी, जामीन न घेता, आणि परतफेडीची तारीख कोरी ठेवून.