गिअर सुटतो, असंच लिहा

मामाचा नवा पिकअप ट्रक १० महिन्यांतच घाटात रुसायला लागला. माल भरलेला असला की उतारावर दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला यायचा. डीलरकडे तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून "काही प्रॉब्लेम नाही" असं उत्तर! चौथ्यांदा म्हणाले, क्लच प्लेट झिजलीय, ती वॉरंटीत येत नाही, पैसे भरा.

क्लच प्लेट बहुधा वॉरंटीबाहेर असते, हे खरं. पण क्लच घसरला तर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही. गिअर सुटणं हे सहसा गिअरबॉक्सच्या आतलं दुखणं.

मी जुनी जॉबकार्डं काढली. तिन्हींवर 'जनरल चेकअप'! मामा न वाचताच सही करून आला होता. (आमच्या घरात सगळेच असे.) या वेळी तक्रार मामाच्याच शब्दांत, किलोमीटरसह लिहून घेतली आणि मेकॅनिकला भरल्या गाडीतून घाटात नेलं. तिसऱ्या वळणावर गिअर सुटला. मग गिअरबॉक्स वॉरंटीतच उघडला.

नाहीतर ग्राहक आयोगात जाणारच होतो. ट्रक धंद्याचा, तिथे दाद लागत नाही, असं अनेकांना वाटतं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं वाहन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतं. तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. सल्ल्यासाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे.

बिल शून्य आलं. ते जॉबकार्ड मामीने आता स्वतःच्या कपाटात ठेवलंय.