कंपनीचा गल्ला घरचा नसतो

बोनकोडे, कोपरखैरणे परिसरातल्या गावांच्या जमिनी १९७० नंतर नवी मुंबईसाठी गेल्या. भातशेती संपली आणि अनेक घरांनी दुकान, खानावळ, भाड्याच्या खोल्या असे छोटे धंदे धरले. या धंद्यांचं शहाणपण साधं असतं. खर्च कमी ठेवा, घरचा माणूस गल्ल्यावर बसवा, ओळखीवर उधार द्या, भांडवल अपुरं पडलं तर भागीदार घ्या. एका घराच्या धंद्याला हा सल्ला चोख आहे.

शेतकरी बंधूंनो, अडचण येते ती हाच सल्ला शेतकरी उत्पादक कंपनीला लावल्यावर. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला. त्यामुळे शहापूर-मुरबाडची भेंडी तुर्भ्याच्या बाजार आवारात न नेता थेट बोनकोड्याच्या सोसायट्यांत विकणे सोपे झाले. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली आणि गावोगावी कंपन्या निघाल्या. पण पाटी कंपनीची आणि कारभार टपरीचा, असं चित्र काही ठिकाणी दिसतं. ते धोक्याचं आहे.

एकेक सल्ला तपासून बघा. ‘घरचाच माणूस ठेवा.’ उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो, आणि कायद्याप्रमाणे तो सभासदांपैकी नसावा लागतो. अध्यक्षांनी स्वतःच गल्ला सांभाळून पगार वाचवला, तर ती काटकसर ठरत नाही.

‘अडीनडीला गल्ल्यातून उचला, मग भरा.’ दुकानदार स्वतःचेच पैसे उचलतो. कंपनीत संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचे तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ते पैसे शेकडो सभासदांच्या भागभांडवलाचे असतात.

‘जास्त पैसे घालील त्याचं ऐका.’ भागीदारीत हे चालतं. वैयक्तिक शेतकरी सभासद असलेल्या उत्पादक कंपनीत मात्र शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.

‘पैसेवाला भागीदार शोधा.’ उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्या व्यापाऱ्याला देता येत नाहीत. मग मोठं भांडवल आणायचं कुठून? दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभे केले. ते उत्पादक कंपनीचे शेअर विकून आले नाहीत, उपकंपनीत आले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. वाट असते, पण ती कायद्यातून काढावी लागते.

‘कागदपत्रं सवडीने करू.’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. पहिली वार्षिक सभा नोंदणीपासून ९० दिवसांत, संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा, आणि उलाढाल असो वा नसो, लेखापरीक्षण दरवर्षी. ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र मुदतीत भरले नाही, तर २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन फॉर्म वर्षभर राहिले की ७३ हजार रुपये झाले! सलग तीन वर्षे विवरणपत्रे राहिली, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे कमी झाली, तेव्हा असेच लाखो संचालक अपात्र ठरले. सही करणाऱ्या साध्या शेतकऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही.

याचा अर्थ छोट्या धंद्याचं शहाणपण टाकून द्यायचं, असा नाही. माल ताजा ठेवणे, वजन चोख देणे, उधारी वेळेत वसूल करणे, खर्चावर नजर ठेवणे हे कंपनीलाही हवंच. मात्र कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? मंजुरी कुणाची? नोंद कुठे? तिन्हींची उत्तरं ठरावाच्या वहीत सापडली, तरच पुढे जा.

दुसरं असं, की प्रत्येक गटाने कंपनी काढलीच पाहिजे असं नाही. वीस शेतकरी मिळून आठवड्याला एक टेम्पो भाजी पाठवत असतील, तर शेतकरी गट पुरेसा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनीही उद्दिष्ट पुरं करण्यासाठी कंपनी नोंदवायचा आग्रह धरू नये. नोंदणीआधी लेखापरीक्षणाचा आणि पूर्णवेळ अधिकाऱ्याचा वार्षिक खर्च मांडून दाखवावा. तो खर्च विक्रीतून निघत असेल, तरच पुढचं पाऊल टाकावं.

ज्यांची कंपनी आहे त्यांनी या आठवड्यात एवढं करा: शेवटचं विवरणपत्र कोणत्या वर्षाचं भरलं आहे, ते लेखापरीक्षकाकडून लेखी घ्या आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. नोटीस आल्यावर धावपळ करणं म्हणजे वरातीमागून घोडं.