छत्तीस चौकोनांचा हिशेब

संपादकांचे पत्र आले, ‘सुरतेत आहात, तर सुरतेविषयी काहीतरी लिहा.’ त्यांच्या मनात बहुधा १६६४ ची लूट, उंधियू आणि हिऱ्यांचे कारखाने असावेत. पण गेली दोन वर्षे मी इथे चिपमधील तारांची विद्युतधारकता मोजण्यात घालवली आहेत. तेव्हा वाचकांनी तेच गोड मानून घ्यावे.

सुरतेचे नाव तसे लहानपणापासूनच ओळखीचे. आमच्या वडगावात घरोघरी माग, आणि काठाला लागणारी जर सुरतेची. ती कशी होते ते इथे आल्यावर पाहिले. लोखंडी पट्टीतील एकाहून एक बारीक भोकांतून तार ओढायची, चपटी करायची आणि मग धाग्याभोवती गुंडाळायची. काका विचारतात, “एवढं शिकून शेवटी तारच का रे?” हो काका, तारच. पण ही तार अर्धा मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक! आणि मांडणी पाहाल तर मागावरचीच वाटेल. एका थरातील तारा उभ्या, त्यावरील थरातील आडव्या. फरक इतकाच की या तारा एकमेकींना शिवत नाहीत; मध्ये काचेसारखे सिलिकॉन डायऑक्साइड असते.

सगळी गोम इथेच आहे. दोन वाहक आणि मध्ये विद्युतरोधक असले की कॅपॅसिटर तयार झालाच, मग तो कुणाला हवा असो वा नसो. तारेवरून संदेश पाठवायचा तर आधी ही न मागितलेली घागर विद्युतभाराने भरावी लागते. घागर मोठी आणि भरणारी नळी अरुंद, की संदेश रेंगाळला. १९९७ साली आय.बी.एम.ने चिपमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारा वापरण्याची घोषणा केली ती नळी रुंद करण्यासाठीच, म्हणजे तारेचा रोध घटवण्यासाठी. शेजारची तार त्याच क्षणी उलट दिशेने बदलत असेल तर दोघींमधली घागर जणू दुप्पट मोठी होते.

आता माझी फजिती सांगतो. प्रयोगाला एक तार दिली होती : लांबी एक मिलिमीटर, रुंदी आणि जाडी अर्धा-अर्धा मायक्रॉन, आणि खाली अर्ध्या मायक्रॉनवर भूसंपर्कित थर. बारावीचे सूत्र लावले, क्षेत्रफळ भागिले अंतर, गुणिले माध्यमाचा स्थिरांक (सिलिकॉन डायऑक्साइडसाठी निर्वाताच्या ३.९ पट). उत्तर आले ३४.५ फेम्टोफॅरड. सॉफ्टवेअरने दिले १३५ च्या आसपास. मी माझे उत्तर खोडले, छापील उत्तर वहीत उतरवले आणि तोंडी परीक्षेला गेलो.

“हे चौपट कुठून आले?” परीक्षकांनी विचारले.

“सॉफ्टवेअरमधून, सर.”

ते हसले. मला मात्र हसू आले नाही.

वास्तविक उत्तर अवघड नव्हते. बारावीचे सूत्र दोन विस्तीर्ण पत्र्यांसाठी आहे. त्यात बलरेषा सरळ खाली जातात. आमची तार जितकी रुंद तितकीच उंच. तिच्या कडांतून, बाजूंतून, अगदी पाठीवरूनही बलरेषा वळसा घेऊन खाली उतरतात. साकुराई आणि तामारू यांनी १९८३ साली दिलेले एका ओळीचे सूत्र या कडांची दखल घेते, आणि त्यात आमचे आकडे घातले की १३६ येतात. पाच मिनिटांचे काम, पण ते मला कुणी करायला लावले नव्हते आणि मीही आपणहून केले नव्हते.

कडांचा हा प्रश्न चिपपेक्षा फार जुना आहे. कॅव्हेंडिशची अप्रकाशित टिपणे मॅक्सवेलने १८७९ साली छापली. त्या वेळी त्याने एका एकट्या चौरस पत्र्याची धारकता काढली. पत्र्याचे ३६ चौकोन करायचे, प्रत्येकावर किती भार बसला तर सर्वांच्या मध्यांवर विभव सारखे येईल ते शोधायचे. सममितीमुळे ३६ अज्ञातांची सहाच उरतात. एक मीटर बाजूच्या पत्र्याला त्याचे उत्तर ४०.१ पिकोफॅरड होते. आज आपण ४०.८ मानतो. कागद-पेन्सिलीने दोन टक्क्यांच्या आत!

आजची कित्येक सॉफ्टवेअरे याच वाटेने जातात. तारांच्या पृष्ठभागाचे दहा हजार तुकडे केले तर दहा कोटी आकड्यांचा तक्ता सोडवावा लागतो. त्यावर एम.आय.टी.च्या नेबर्स आणि व्हाइट यांनी १९९१ च्या ‘फास्टकॅप’मध्ये युक्ती योजली : दूरच्या तुकड्यांचा सुटा सुटा विचार न करता त्यांचे गठ्ठे बांधायचे. त्याचा मूळ प्रोग्रॅमही खुला ठेवला.

म्हणून माझे म्हणणे असे की आपल्याकडील महाविद्यालयांत हे सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन तासिका छत्तीस चौकोनांना द्याव्यात. यावर प्राध्यापक मंडळी म्हणतात, अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे? कंपन्यांना सॉफ्टवेअर चालवणारी मुले हवीत. म्हणणे खोटे नाही. चिपमधील कोट्यवधी तारा कुणी हाताने मोजणार नाही, आणि नोकरीची चिंता मलाही आहे. पण सॉफ्टवेअरला थरांची जाडी आणि स्थिरांक कुणीतरी आधी सांगावे लागतात. तिथे एक आकडा चुकला तरी उत्तर तितक्याच सुबक अक्षरांत छापून येते. ते पाहून ‘हे चौपट कसे?’ असे विचारणारा कुणी तरी खोलीत असायला नको का?

धोलेऱ्याच्या चिप-कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. प्रत्येक नव्या कारखान्यात नमुन्याच्या तारा काढून, मोजून, मोजमाप आणि गणित यांचा मेळ घालावा लागतो. ते काम बाहेरून आलेली माणसे करणार की वडगावची, खासबागची पोरे? मला या प्रश्नाने खरोखर झोप लागत नाही. (वसतिगृहातील डासांचाही त्यात वाटा आहे.)

असो. दिवाळीला मी घरी येत आहे. छत्तीस चौकोनांचा साठेक ओळींचा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, तो कुठल्याही साध्या संगणकावर चालतो. ज्यांना हवा असेल त्यांनी घरी यावे. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. मात्र प्रोग्रॅम पाहण्याआधी सहा समीकरणे हाताने मांडायची आहेत, तेव्हा वही-पेन्सिल घेऊन या. चहा काकूंकडे.